साखळीच्या शेवटी जागा आहे

कोल्हापुरातल्या आमच्या देशोदेशीच्या लोकनृत्यांच्या मंडळाचे वार्षिक संमेलन जानेवारीतल्या एका रविवारी शाळेच्या पटांगणात भरते. शाहू स्मारकाच्या सभागृहात का घेत नाही, असे दरवर्षी कुणी ना कुणी विचारतेच. तिथे रंगमंच वर आणि खुर्च्या खाली, म्हणजे नाचणारे वेगळे आणि बघणारे वेगळे. सर्बियाचा कोलो, बल्गेरियाचा होरो, रुमानियाची होरा हे सगळे हातात हात गुंफून करायचे नाच. बघता बघता वाटले तर उठून त्यात शिरता आले पाहिजे.

शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार, पाहुण्यांचे स्वागत, जमाखर्चाला मंजुरी, हे सगळे रीतसर होते. अहवालात १९३८ सालचा उल्लेख असतो. त्या साली सॅन फ्रान्सिस्कोत साँग चँग यांनी देशोदेशीची लोकनृत्ये नाचणारे मंडळ सुरू केले होते. हे वाक्य काही जणांना लांबण वाटते. मी ते गाळू देत नाही. या छंदाला वंशावळ आहे, हे नव्या पोरांना कळायला हवे.

मी वाट बघत असतो ती नवख्यांच्या मनोगताची. वर्षभरात जे पहिल्यांदा आले, त्यांनी माइकवर यायचे आणि दोन शब्द बोलायचे. कागद आणायचा नाही, एवढीच अट. कसबा बावड्याच्या एक मावशी म्हणाल्या होत्या, "पोरी असताना झिम्मा-फुगडीला पंचमीची वाट बघायचो. हितं दर रविवारी पंचमी." पुढे त्यांना बोलवेना. निवृत्त पीटीच्या एका सरांनी सांगितले, "जन्मभर शिट्टी मारून पोरांना लेझीम शिकवलं. माझा हात धरून मला कुणी शिकवलं ते हितंच पहिल्यांदा." प्रमुख पाहुण्यांचे भाषण कितीही रंगो, मला संमेलन म्हणजे ही मनोगतेच वाटतात.

सर त्यांचा हात धरणाऱ्या ज्या बाईंबद्दल बोलत होते, त्या आमच्या थोरल्या ताई. बाल्कन नाचात मुख्य नाचणारा साखळीच्या उजव्या टोकाला असतो, रुमाल बहुधा त्याच्याच हातात. नवा माणूस मध्ये घुसत नाही, डाव्या टोकाला, म्हणजे शेवटी जोडला जातो. ताईंना सगळ्यांत जास्त नाच येतात, पुढे उभे राहायचा मान त्यांचाच. पण मी त्यांना पुढे फार कमी वेळा पाहिले. त्या मुद्दाम शेवटी उभ्या राहतात आणि कडेला चहाचा कप घेऊन उभे असलेल्याकडे बघून डावा हात पुढे करतात. मंडळात आज जे टिकून आहेत, त्यांतले निम्मे तरी त्या हाताला धरून आत आले असतील. कोल्हापुरात नवी माणसे कशी मिळवता, असे पुण्याच्या पाहुण्यांनी विचारले, तेव्हा मी ताईंकडे बोट दाखवले.

नव्यांना बिचकवणारी गोष्टही सांगायला हवी. काही जुन्या मंडळींना फक्त अवघड नाच हवे असतात. दोन-दोन-दोन-तीन अशा नऊ मात्रांचे बल्गेरियन दायचोवो सुरू झाले की वर्तुळ त्यांच्यापुरतेच उरते आणि नवी पोरे मोबाइल काढतात. अवघड नाच हवेत, मलाही आवडतात, पण शिकवायची तयारी ठेवून. ग्रीसचा कालामात्यानोस आम्ही कठीण म्हणून मागे ठेवला होता. तबलजी दादांनी तो एकदा ऐकला आणि म्हणाले, "ह्यो तर रूपक हाय की!" खरेच, तीन-दोन-दोन. त्यांनी ती ती ना, धी ना, धी ना असा ठेका धरला आणि देवल क्लबात गाणे शिकणाऱ्या दोन मुलींनी बारा पावले त्याच बैठकीत उचलली. आता तो संमेलनात पहिल्या तासातच होतो.

शेवट मायिम मायिमने. मायिम म्हणजे पाणी. आजच्या इस्रायलमधल्या एका किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत, खूप शोधाशोधीनंतर पाणी लागले, त्या आनंदात १९३७ साली हा नाच बसवला गेला. हात उंचावत सगळे वर्तुळाच्या मध्याकडे धावतात. २०१९च्या महापुरात गावाला पाण्याचा वेढा आणि नळ मात्र कोरडे, टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहिलेले आम्हीच. त्यानंतरच्या संमेलनात मायिम सुरू झाला तेव्हा कडेला बसलेले पालकसुद्धा उठले. माझ्या शेजारी कोण होते ते आठवत नाही, हात मात्र घट्ट होता.

आता उपस्थितीचे. गणपतीच्या आधी दोन महिने ढोल-ताशाच्या सरावाला पोरे जातात, ते मी समजू शकतो. पण वर्षभर न फिरकता समूहफोटोला आणि तांबड्या-पांढऱ्याला वेळेवर हजर होणारे पाहिले की वाईट वाटते. ज्या वर्षी पेठेतल्या दोन तालमींचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर त्याच दिवशी आला, त्या वर्षी वर्तुळ करायला माणसे पुरेनात.

आणि ज्यांच्याशिवाय काहीच झाले नसते ते: पहाटे पटांगणावर पाणी मारून धूळ बसवणारे शिपाई मामा, स्पीकरवाले भाऊ आणि त्यांचा पोरगा, हलगीवाले काका, घाग्र्यांना नाडी ओवणाऱ्या मंगळवार पेठेतल्या वहिनी, जुन्या कॅसेटवरची गाणी उतरवून देणारा कॉलेजचा मुलगा, रस्सा करणारे आचारी, त्यांना कांदे चिरून देणाऱ्या तिघी, पावती पुस्तक सांभाळणारे खजिनदार, मुख्याध्यापिका बाई, ज्यांनी किल्ली दिली. चपला राखणारी दोन लहान मुले. आणि मंडप उतरवताना न सांगता थांबलेले शेजारच्या गल्लीतले कार्यकर्ते, त्यांचे आभार माइकवर राहिले होते, ते इथे मानतो.

यंदाच्या बैठकीत मी एक ठराव मांडणार आहे: फुटबॉलचे वेळापत्रक हातात आल्याशिवाय संमेलनाची तारीख ठरवायची नाही. अनुमोदन द्यायला थोरल्या ताई तयार आहेत.