तुम्ही विचारलंत म्हणून: इथल्या मुली सोडून ढाक्याला कशाला?

हा प्रश्न मला आतापर्यंत इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच टाकू. स्टाफरूममध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावशी विचारतात, पालक तर हमखास. बाई, तुम्ही म्हणे गाईडचं शिकवायला बांगलादेशात गेला होतात, आणि पैसेही मिळत नाहीत म्हणे, मग आपल्या इथे मुली कमी पडल्या का? प्रश्न रास्त आहे. मी श्रीवर्धन तालुक्यात हायस्कूलला शिकवते, चौदा वर्षं गाईड कॅप्टन, म्हणजे शाळेतल्या गाईड मुलींना शिकवणारी शिक्षिका आहे, आणि इथे काम किती पडलंय ते मला रोज दिसतं.

आधी पैशांचं सांगते, कारण तेच सगळ्यात जास्त विचारतात. मानधन नाही. विमानाचं तिकीट गाईडच्या जागतिक संघटनेकडून, राहणं-जेवण तिथल्या गाईड असोसिएशनकडे, आणि रजा म्हणाल तर दिवाळीची सुट्टी. 2018 साली भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मी निघाले, कोलकात्यावरून ढाका. दर 22 फेब्रुवारीला थिंकिंग डेला, म्हणजे जगभरच्या गाईडच्या दिवसाला, आपल्या मुली डब्यात दोन-पाच रुपये टाकतात ना, तो निधी जगभरात गाईडिंग वाढवायलाच वापरतात. 22 फेब्रुवारी हा स्काऊट सुरू करणारे रॉबर्ट बेडन पॉवेल आणि त्यांची बायको ओलेव्ह, दोघांचाही वाढदिवस, आणि 1932 साली पोलंडमधल्या परिषदेत बेल्जियमच्या एका प्रतिनिधीने सुचवलं की वाढदिवस म्हटलं की भेट आलीच, तर प्रत्येक मुलीने थोडे थोडे पैसे द्यावेत. तेव्हापासून ते चालू आहे. म्हणजे आमच्या पाचवी-सहावीच्या मुलींचे पैसेही कुठेतरी कोणाच्या तरी ट्रेनिंगला लागलेत, हे मी त्यांना दरवर्षी मुद्दाम सांगते.

आता दुसरं. मी तिथे मुलींना शिकवायला गेलेच नव्हते. कॅप्टनना शिकवायला गेले होते. गाईडच्या तुकडीला कंपनी म्हणतात, एका कंपनीत जास्तीत जास्त 32 मुली, आठ-आठच्या चार गटांत, त्या गटाला पेट्रोल म्हणतात. एक कॅप्टन नीट तयार झाली की पुढची दहा-पंधरा वर्षं तिच्या हाताखालून मुली जात राहतात. आणि तयार झाली नाही तर, हेही मी पाहिलंय, गाईड म्हणजे फक्त 26 जानेवारीला गणवेश घालून रांगेत उभं राहायचं, पाहुण्यांना सॅल्यूट करायचा आणि घरी जायचं.

ढाक्याला एअरपोर्टवर घ्यायला आलेल्या बाईंना मी ओळखलं ते त्यांच्या बॅजमुळे. निळ्यावर सोनेरी तीन पानं, माझ्या साडीवरही तीच. गाईडच्या रीतीप्रमाणे डावा हात पुढे करून हस्तांदोलन केलं आणि परकेपणा तिथेच संपला. असोसिएशनचं गाईड हाऊस बेली रोडला आहे, नाटकांसाठी प्रसिद्ध भाग, गाईड हाऊसच्या स्टेजवरही अनेक वर्षं नाटकं झालीत, आजूबाजूला टांगाईल साड्यांची दुकानं, खाण्याची दुकानं आणि सायकलरिक्षांची अखंड घंटी. सात दिवस, तीसेक शिक्षिका, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या. भाषेची मला फार काळजी होती पण निम्मे शब्द आपलेच निघाले, नेतृत्वाला नेतृत्वच म्हणतात, फक्त उच्चार गोल होतो. आपल्याकडच्या बुलबुल, गाईडच्या आधीच्या वयाच्या लहान मुली, म्हणजे तिकडच्या हलदे पाखी, पिवळे पक्षी. इतकं गोड नाव आहे ते की मी आल्या आल्या आमच्या बुलबुलना सांगितलं.

पहिल्या दिवशी मी नेहमीची गोष्ट सांगितली. 1909 साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काऊटचा मोठा मेळावा होता, हजारो मुलगे, आणि त्यात काही मुली स्काऊटसारखा वेश करून, टोप्या घालून आल्या. कोणी बोलावलं नव्हतं. बेडन पॉवेलनी विचारलं तुम्ही कोण, तर म्हणाल्या आम्ही गर्ल स्काऊट. पुढच्या वर्षी, 1910 ला, त्यांनी आपली बहीण ॲग्नेस हिच्याकडे मुलींचं काम दिलं आणि गाईड सुरू झालं. म्हणजे ही चळवळ सुरूच झाली ती न विचारता आलेल्या मुलींमुळे. सगळ्यांना गोष्ट आवडली, टाळ्या वाजवल्या. मीही खूश.

तिसऱ्या दिवशी जवळच्या शाळेतल्या गाईड मुली सरावाला आल्या. विषय गाठींचा. रीफ नॉट म्हणजे उजवं डाव्यावर आणि मग डावं उजव्यावर, साधी गाठ, बँडेज बांधायला हीच वापरतात कारण सपाट बसते आणि टोचत नाही. पण दोन्ही वेळा उजवंच वर घेतलं तर दिसायला तशीच दिसते आणि ताण आला की सरकते. एक अकरा-बारा वर्षांची मुलगी समोर बसली होती, केसांना लाल रिबीन, जीभ दातांत धरून गाठ मारत होती आणि तिने नेमकं तेच केलं, दुसऱ्यांदाही उजवंच वर. मी खाली वाकले, तिच्या हातातून दोरी घेतली आणि पटकन नीट बांधून दाखवली. अगदी सवयीने, इतकी वर्षं तेच करतेय ना, मुलगी चुकली की कॅप्टनने हातातून घ्यायचं आणि करून द्यायचं. मागे उभ्या असलेल्या एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, दीदी, ओ पारबे.

ओ पारबे म्हणजे तिला जमेल.

मला एकदम लाजल्यासारखं झालं. सकाळी मीच फळ्यावर लिहिलं होतं की मुलीला चुकू द्या. दोरी परत दिली, गाठ सोडून दिली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिले. त्या मुलीने गाठ मारली, ओढली, सरकली. परत मारली, परत सरकली. मग शेजारणीची गाठ बघितली, दोन्ही शेजारी शेजारी धरल्या, आणि स्वतःच म्हणाली की माझी दोरी बाजूला आडवी निघतेय, हिची सरळ निघतेय. एवढं मी कधी कोणाला शिकवलेलं नव्हतं, की चुकीची गाठ तिच्या टोकांवरून ओळखू येते. सात-आठ मिनिटं गेली असतील. माझ्या हाताला नुसती खाज सुटली होती.

त्या दिवसापासून आमच्या ट्रेनिंगमध्ये हा नियमच झाला, मुली काम करत असताना कॅप्टनचे हात मागे. ऐकायला सोपं वाटतं, करून बघा. तीस शिक्षिका, सगळ्या वर्गावर जरब असलेल्या, पाच मिनिटांत कोणाचा ना कोणाचा हात पुढे यायचाच. आम्ही कॅप्टननाच मुली केलं, पेट्रोल पाडली, एकीला पेट्रोल लीडर केलं आणि ट्रेनर खोलीतून बाहेर गेले, वीस मिनिटं, काम एकच की उद्याच्या सहलीचं तुम्ही ठरवा. परत आले तर दोन पेट्रोल तशीच बसलेली. म्हणाल्या, तुम्ही आलात की विचारून ठरवू म्हटलं. यात त्यांचा काय दोष, आपल्या सगळ्यांना असंच तर वाढवलंय.

ज्यांनी मला ओ पारबे म्हटलं होतं त्या भोल्याच्या. मेघना नदी समुद्राला मिळते तिथलं ते बेट. संध्याकाळी चहा घेताना त्या मला म्हणाल्या, तुम्हाला वाटेल ही बाई एका गाठीवरून का बोलली. मग सांगितलं. 1970 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे चक्रीवादळ आलं, किमान तीन लाख माणसं गेली त्यात. त्यांची आजी मुलांना घेऊन घरातच थांबली, कारण आजोबा हाटाला गेले होते आणि त्यांना विचारल्याशिवाय घर सोडायचं कसं. त्यांची आई तेवढी वाचली, सुपारीच्या झाडाला धरून. मला अंगावर काटा आला, आमचं श्रीवर्धन म्हणजे सुपारीचंच गाव. पुढे 1991 च्या एप्रिलमधल्या वादळात साधारण एक लाख अडतीस हजार माणसं गेली, तेव्हाही पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या. कारणं तीच, घरात मुलांजवळ थांबलेल्या, पोहता न येणाऱ्या, बाहेर काय चाललंय ते न कळलेल्या, आणि कोणीतरी येऊन चला म्हणेल याची वाट बघणाऱ्या.

आता तिथे वादळाची सूचना द्यायला गावोगाव स्वयंसेवक आहेत, 1972 पासून, भोंग्यावरून सांगतात आणि झेंडे लावतात, एक, दोन आणि धोका अगदी जवळ आला की तीन. या बाई आपल्या गाईडना ते झेंडे शिकवतात, आणि दर पेट्रोलकडे एक वही असते. वहीत कोणाच्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, कोण गरोदर आहे, कोणाला ऐकू येत नाही, कोणाचं घर कच्चं आहे. वही मुलींनीच करायची, घरोघर जाऊन, कॅप्टनने फक्त बघायची. मी त्यांच्याकडून ते सगळं माझ्या डायरीत उतरवून घेतलं. म्हणजे शिकवायला गेलेली मी, आणि इकडे आणलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ती त्यांची.

परत आल्यावर आमच्या चार पेट्रोलनी वह्या केल्या. सुरुवातीला लोकांनी मुलींना दारातूनच परत पाठवलं, आमच्या घरी कोण आजारी आहे ते तुम्हाला कशाला पाहिजे, मग आशाताई बरोबर गेल्या तेव्हा कुठे जमलं. दोन पेट्रोलच्या वह्या अर्धवटच राहिल्या, तेही सांगते.

मग 3 जून 2020. निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. लॉकडाऊन, शाळा बंद, मी महाडला माहेरी अडकलेली, आणि त्या दुपारनंतर फोनच बंद. पाचव्या दिवशी गावात पोचले तर ओळख लागेना, वाड्याच्या वाड्या झोपलेल्या, सुपारी मोडून पडलेली, शाळेची कौलं अंगणात. वीज तर पुढे कित्येक दिवस नव्हती. आमची नववीतली पेट्रोल लीडर तिच्या पडवीत ओल्या वह्या-पुस्तकं वाळत घालत होती, त्यात ती वहीही होती. पानं फुगलेली, शाई पसरलेली. वादळाच्या आदल्या दिवशी ती आणि तिच्या पेट्रोलमधल्या तिघी आशाताईंबरोबर तोंडाला मास्क लावून चौदा घरी जाऊन आल्या होत्या, पत्र्याच्या घरांतल्या म्हाताऱ्यांना शेजारच्या स्लॅबच्या घरांत नेऊन बसवलं होतं. एक आजी काही केल्या हलेनात तर त्यांची शेळी आधी नेली, मग आजी मागून आल्या.

मी तिला म्हटलं, अगं, आदल्या दिवशी फोन चालू होते, मला एक फोन का नाही केलास?

ती म्हणाली, बाई, विचारायला पाहिजे होतं का?

मी काही बोलले नाही, तिच्याबरोबर वह्या उलटायला बसले.

तर इथल्या मुली सोडून कशाला गेलात, याचं माझं उत्तर एवढं आहे. आता ज्या शिक्षिका खरंच जायचं म्हणून विचारतात त्यांच्यासाठी, आधी आपल्या जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात जाऊन बेसिक कोर्स करा, सात दिवस राहून करावा लागतो, मग ॲडव्हान्स, आणि मधे निदान चार-पाच वर्षं स्वतःची कंपनी चालवा, कारण तिकडे पहिल्याच चहाला विचारतात की तुमच्या मुली काय करतात. पासपोर्ट काढून ठेवा. पुण्यात आळंदी रोडला संगम आहे, 1966 पासून, जागतिक संघटनेच्या केंद्रांपैकी एक, तिथे देशोदेशीच्या गाईड येतात, एकदा आपल्या मुलींना घेऊन जाऊन या. आणि उद्याच्या मीटिंगला हात मागे घेऊन दहा मिनिटं उभं राहून बघा, जमतंय का ते मला कळवा.