चकती साच्यातून निघाली तेव्हा

आज सकाळी ग्रॅफाइटचा साचा उघडला. आत तापवून आणि दाबून घडवलेल्या सिरॅमिक चकतीच्या कडेला चिकटलेला ग्रॅफाइटचा पातळ कागद नखाने सोलून काढला, तेव्हा खालचा करडा, धातूसारखा पृष्ठभाग सलग दिसला. कुठे चीर नव्हती. मागच्या खेपेला याच मिश्रणाचे दोन तुकडे हाती आले होते, म्हणून आजचा आनंद सविस्तर लिहून ठेवते आहे.

झिर्कोनियम, सिलिकॉन आणि बोरॉन कार्बाइड यांच्या पावडरी १०० ग्रॅममध्ये अनुक्रमे ६८.६, १०.६ आणि २०.८ ग्रॅम अशा घेतल्या होत्या. तापवल्यावर त्यांच्यापासून झिर्कोनियम डायबोराइड आणि सिलिकॉन कार्बाइड तयार होतात. हे डायबोराइड ३२०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळते, त्यामुळे त्याची तयार पावडर नुसती भाजून घट्ट करणे फार अवघड जाते. साच्यातच ते घडवले, तर कण बारीक राहतात आणि दोन्ही पदार्थ एकमेकांत चांगले मिसळलेले मिळतात.

या पद्धतीतली खरी अडचण मला वहीत आकडेमोड केल्यावरच पुरती उमगली. घनतांवरून हिशेब मांडला, तर तयार पदार्थांचे आकारमान मूळ घटकांच्या आकारमानापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी भरते. पावडर कितीही ठासून भरली, तरी अभिक्रियाच आतून पोकळी निर्माण करते, आणि ती बुजवण्यासाठी दाब लागतोच. दाबाविना केलेल्या नमुन्यांत इतकी छिद्रे का राहतात, हे आता मला पटले आहे.

मागच्या वेळी मी भट्टी घाईने चढवली होती. ही अभिक्रिया भरपूर उष्णता सोडते. एकदा पेट घेतला की ती स्वतःच्याच बळावर पुढे धावते, आणि तेव्हा विस्थापनमापकाचा, म्हणजे साच्यातला माल किती आकसला हे दाखवणाऱ्या उपकरणाचा, काटा एका झटक्यात खाली आला होता. या वेळी मिनिटाला ५ अंश याच गतीने तापमान वाढवले, १६०० अंशांवर निर्वातात अर्धा तास थांबले, कारण कणांवरचे बोरॉन ऑक्साइड छिद्रे मिटण्याआधी उडून जायला हवे, आणि मगच ३० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३०० किलोचा, दाब दिला. १९०० अंशांवरच्या तासाभरात काटा हळूहळू सरकत राहिला आणि शेवटची पंधरा मिनिटे जवळजवळ स्थिर होता.

दुपारी पाण्यात वजन करून घनता काढली: घन सेंटिमीटरला ५.२८ ग्रॅम, आणि एकही छिद्र नसताना हिशेबाने येणारी पूर्ण घनता ५.३६. उद्या हिऱ्याच्या चाकावर एक काप घेऊन मधला भागही तपासायचा आहे, कारण छिद्रे उरलीच असतील तर ती तिथेच सापडतील.