पुस्तकांचा डेटाबेस, नोंद ७ : एकच फॉर्म, चार बटणं

मागच्या नोंदीत पुस्तकांचा फॉर्म, म्हणजे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या प्रोग्रॅममधला नोंदी भरायचा-बघायचा पडदा, एकदाचा उभा राहिला होता. त्यानंतरच्या पंधरा दिवसांत एकही नवीन टेबल नाही, एकही नवीन फील्ड नाही. सगळा वेळ फॉर्म कसा उघडावा यातच गेला.

झालं होतं असं की एकाच कामाचे माझ्याकडे चार फॉर्म जमले होते. एक नवीन पुस्तक चढवायचा, एक दुरुस्तीचा, एक नुसता बघायचा आणि चौथा उसन्या दिलेल्या पुस्तकांपुरता. चारही एकमेकांच्या नकला. प्रकाशन वर्षाचा रकाना जरा रुंद करायचा म्हटलं तरी चार ठिकाणी हात घालायचा. तिसऱ्यांदा एक फॉर्म विसरला, तेव्हा ठरवलं की फॉर्म एकच ठेवायचा आणि त्यानं कुठल्या रूपात यायचं ते बटणामागच्या कोडनं सांगायचं.

अ‍ॅक्सेसमध्ये यासाठी डूकमांड.ओपनफॉर्म ही फॉर्म उघडायची आज्ञा आहे. तिला सात आर्ग्युमेंट्स, म्हणजे सोबत द्यायच्या किमती : फॉर्मचं नाव, व्ह्यू, फिल्टरनेम, व्हेअरकंडिशन, डेटामोड, विंडोमोड, ओपनआर्ग्ज. सक्तीचं फक्त नाव. बाकीची गाळायची तर स्वल्पविराम मोजत बसायचं, आणि मी मोजण्यात चुकले. एसीहिडन (फॉर्म लपवून उघड) हे विंडोमोडच्या जागी जायला हवं होतं, ते एक घर अलीकडे डेटामोडमध्ये पडलं. चूक दाखवली जाईल असं वाटेल, पण नाही. हे सगळे स्थिरांक आतून नुसते आकडे. एसीहिडन म्हणजे १ आणि एसीफॉर्मएडिट म्हणजेही १. त्यामुळे लपून राहायचा तो फॉर्म दुरुस्तीला तयार होऊन ऐटीत समोर आला. तेव्हापासून मी नावानिशी लिहिते : विंडोमोड, मग अपूर्णविराम आणि बरोबरचं चिन्ह, मग किंमत. ओळ लांब होते, होऊ दे.

नवीन पुस्तकाच्या बटणाला एसीफॉर्मअ‍ॅड दिलं. हा मोड फक्त कोरं रेकॉर्ड दाखवतो, जुनी नोंद एकही दिसत नाही. पहिल्यांदा बघितलं तेव्हा छातीत धस्स झालं, सगळी पुस्तकं गेली की काय! बघायच्या बटणाला एसीफॉर्मरीडओन्ली. दुरुस्तीच्या आणि उसनवारीच्या बटणाला व्हेअरकंडिशन, म्हणजे कुठल्या नोंदी दाखवायच्या त्याची अट. यात व्हेअर हा शब्द लिहायचा नसतो, त्यापुढची अटच फक्त.

खरी गंमत एसीडायलॉग या विंडोमोडमध्ये आहे. यादीच्या फॉर्मवरून नवीन पुस्तकाचा फॉर्म उघडायचा आणि तो बंद झाला की यादी ताजी व्हायला हवी. साधा उघडला तर कोड थांबत नाही, पुढची रिक्वेरीची (यादी पुन्हा वाचायची) ओळ तत्क्षणी धावते आणि तुम्ही पुस्तकाचं नाव टाइप करेपर्यंत यादी शिळीच्या शिळी. एसीडायलॉग दिलं की मूळ कोड त्याच ओळीवर थांबतो, फॉर्म बंद होईपर्यंत किंवा लपेपर्यंत. हे 'लपेपर्यंत' फार कामाचं. ठीक आहे च्या बटणावर फॉर्म बंद करायचा नाही, मी.व्हिजिबल (इंग्रजीतलं मी, म्हणजे हाच फॉर्म) फॉल्स करून तो लपवायचा. मूळ कोड पुढे सरकतो, लपलेल्या फॉर्ममधून निवडलेली किंमत वाचतो आणि मग तोच त्याला बंद करतो. कुणी कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तर? तर फॉर्म उरलेलाच नसतो, म्हणून आधी ऑलफॉर्म्समधून इजलोडेड, म्हणजे फॉर्म उघडा आहे का, ते तपासायचं.

यात एक खड्डा आहे आणि त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. फॉर्म आधीपासून उघडा असेल, तर ओपनफॉर्म नुसता त्यालाच पुढे आणतो. ओपन आणि लोड हे इव्हेंट (फॉर्म उघडताना होणाऱ्या घटना, ज्यांना कोड जोडता येतो) पुन्हा होत नाहीत, ओपनआर्ग्जमध्ये (उघडताना फॉर्मला दिलेला मजकूर) जुनीच किंमत राहते आणि एसीडायलॉग दिलं तरी कोड थांबत नाही. मला वाटत होतं लॉजिक चुकतंय. खरं तर डिझाइन तपासताना मीच तो फॉर्म उघडा टाकला होता. आता आधी बंद कर, मग उघड, अशा दोन ओळींचं छोटं फंक्शनच केलंय.

ओपन आणि लोडमधला फरकही याच वेळी पक्का झाला. ओपनला कॅन्सल असतं, लोडला नसतं. उसनवारीत एकही पुस्तक नसेल तर फॉर्म उघडूच नये, हे ओपनमध्येच ठरवावं लागतं. तिथं कॅन्सल ट्रू केलं की उघडणाऱ्या कोडला एरर २५०१ मिळते. ती चूक नव्हे, निरोप आहे. एरर हँडलरमध्ये २५०१ ला बाजूनं जाऊ द्यायचं, बाकीच्यांना अडवायचं.

आता देवनागरी. इथं कोडमधली नावं मी देवनागरीत लिहितेय, पण व्हीबीएच्या (हा सगळा कोड ज्या भाषेत लिहिते तिच्या) एडिटरमध्ये तसं करता येत नाही. टेबलं आणि फॉर्म युनिकोडमध्ये छान मराठी दाखवतात, एडिटर मात्र अजून जुन्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिप्यांपुरत्या अक्षरसंचावर, चालतो आणि देवनागरीसाठी असं कोडपेज कधी नव्हतंच. अवतरणात मराठी शब्द चिकटवला की त्याची प्रश्नचिन्हं होतात. हे मला माहीत होतं, तरी फसले. अट लिहिली होती : प्रकार लाइक, तारा, कथा, तारा. (तारा म्हणजे 'इथं काहीही चालेल'.) एडिटरनं 'कथा'ची तीन प्रश्नचिन्हं केली. आणि लाइकमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'! म्हणजे अट झाली, 'ज्यात निदान तीन अक्षरं आहेत ते सगळं'. कादंबरी आली, चरित्र आलं, कविता आली. एरर नाही, काही नाही. फिल्टर लागलाय असं खाली लिहिलेलं आणि यादी पूर्ण. कोड वरवर बघितला तर प्रश्नचिन्हं नजरेतून निसटतात, कारण आपल्याला तिथं शब्द अपेक्षित असतो.

उपाय साधा आहे. मराठी शब्द कोडमध्ये ठेवायचाच नाही, टेबलमध्ये ठेवायचा आणि कॉम्बो बॉक्समधून (निवडीच्या यादीतून) उचलायचा. धावत्या कोडमधल्या स्ट्रिंग युनिकोडच असतात, बिघाड फक्त एडिटरमध्ये लिहिण्यापुरता. फॉर्मची आणि फील्डची नावं रोमन. कॉम्बोतल्या शब्दात एकेरी अवतरण आलं तर अट तिथंच तुटते आणि एरर ३०७५ येते, म्हणून रिप्लेसनं ते दुप्पट करून घ्यायचं.

उसनवारीच्या अटीत तारीख आहे, तिचाही त्रास याच जातीचा. माझ्या विंडोजमध्ये दिवस आधी, महिना नंतर. ५ एप्रिल कोडमध्ये जोडला की ०५/०४ होतो आणि हॅशच्या (#) जोडीत अ‍ॅक्सेस त्याला ४ मे समजतं. १३ एप्रिलला मात्र तेरावा महिना नसल्यामुळे तेच उलटं वाचून बरोबर उत्तर देतं. असा हा महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांत आजारी पडणारा आणि तेराव्या दिवशी आपोआप बरा होणारा कोड. मी महिनाअखेरीला तपासला होता, अर्थातच पास. आता फॉरमॅट फंक्शननं महिना आधी ठेवून लिहिते. स्लॅशच्या आधी बॅकस्लॅशही हवा, नाहीतर विंडोजच्या सेटिंगमधलं चिन्ह तिथं येऊन बसतं.

क्वेरींबद्दल, म्हणजे टेबलांना विचारायच्या साठवलेल्या प्रश्नांबद्दल, थोडक्यात. ओपनक्वेरीला तीनच आर्ग्युमेंट्स, आणि व्हेअरकंडिशन त्यात नाही. माझ्या मते सिलेक्ट क्वेरी (नुसत्या ओळी दाखवणारी) कोणाला थेट उघडून देऊच नये. तीच क्वेरी फॉर्मला जोडावी आणि तो एसीफॉर्मडीएसमध्ये उघडावा. दिसायला तसाच तक्ता, पण अट देता येते, कुलूप लावता येतं, इव्हेंट मिळतात. फॉर्मच्या हेडरमधली बटणं या व्ह्यूमध्ये दिसत नाहीत, तेवढं सोसायचं.

अपडेट आणि डिलीट क्वेरी ओपनक्वेरीनं चालवल्या की 'इतक्या ओळी बदलणार, करू का' असं विचारलं जातं. ते टाळायला सेटवॉर्निंग्ज फॉल्स करायची सवय मला होती. मध्येच एरर आली तर ट्रू करणारी ओळ गाठलीच जात नाही, मग त्या सत्रात अ‍ॅक्सेस काहीही न विचारता ओळी पुसत राहतं. एकदा तशा अवस्थेत मी हातानं उसनवारीच्या अकरा ओळी पुसल्या. बॅकअप होता म्हणून निभावलं. ती सवय सोडून करंटडीबी.एक्झिक्यूट घेतलं, सोबत डीबीफेलऑनएरर. हे मुकाट्यानं चालतं आणि बिघडलं तर बोलतं.

पण लगेच एरर ३०६१ आली : पॅरामीटर कमी पडताहेत, एक हवा होता. क्वेरीच्या अटीत फॉर्मवरच्या कंट्रोलचा (रकान्याचा) उल्लेख होता. ओपनक्वेरी तो स्वतः सोडवून घेते, एक्झिक्यूटला तो कळत नाही. क्वेरीडेफ (कोडमधून हाताळायची साठवलेली क्वेरी) घ्यायचा, त्याच्या पॅरामीटर्सवरून लूप फिरवायचा आणि प्रत्येकाला त्याच्याच नावाचं इव्हॅल करून, म्हणजे त्या नावामागची किंमत काढून, ती द्यायची. तीन ओळींचं काम. किती ओळी बदलल्या ते रेकॉर्ड्सअफेक्टेड सांगतं, पण ज्या ऑब्जेक्टवर एक्झिक्यूट केलं त्यालाच विचारायचं. करंटडीबी दर वेळी नवा ऑब्जेक्ट देतं, त्याला विचारलं तर शून्य.

सध्या एक फॉर्म, चार बटणं, सगळी चालू. डायलॉगमधून लेखकाचा फॉर्म उघडला की तो डायलॉगच्या मागे जाऊन बसतो, त्यालाही एसीडायलॉग द्यायचं राहिलंय. जुने तीन फॉर्म पुसायचा धीर अजून झालेला नाही. नावाच्या आधी झेड लावून यादीच्या तळाशी ढकललेत.