फाला

आजची सगळी दुपार फालाबद्दल वाचण्यात गेली, आणि अजून तो डोक्यातून जात नाहीये. फाला म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा काळा स्कॉटिश टेरिअर जातीचा कुत्रा. जन्म 1940 चा. मार्गारेट सकली या दूरच्या चुलत बहिणीने त्यांना तो भेट दिला होता.

1944 च्या निवडणुकीत विरोधकांनी आरोप केला की फाला अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांवर चुकून मागे राहिला आणि त्याला आणायला राष्ट्राध्यक्षांनी करदात्यांच्या पैशाने युद्धनौका पाठवली. रूझवेल्टनी भर सभेत सांगितलं, माझ्यावर, बायकोवर, मुलांवर टीका करा, पण फालाला मात्र हे सहन होत नाही! सगळी सभा हसली. मला त्या हसण्यामागची माया दिसते.

एप्रिल 1945 मध्ये रूझवेल्ट गेले. नंतर फाला त्यांच्या पत्नी एलिनॉर यांच्याकडे राहिला. एकदा दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकी सेनापती जनरल आयझेनहॉवर रूझवेल्ट यांच्या समाधीवर पुष्पचक्र वाहायला आले, तेव्हा पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे वाजले. फालाने लगेच कान टवकारले. आपला माणूसच येतोय असं त्याला वाटलं, असं एलिनॉर यांनी लिहून ठेवलंय. हे वाचून मी खरंच रडले. (घरात कुत्रा असलेल्यांना वेगळं सांगायला नको.)

1952 मध्ये फाला गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क इथल्या रूझवेल्ट यांच्या घराच्या गुलाबबागेत, रूझवेल्ट यांच्या जवळच त्याला पुरलंय. वॉशिंग्टनच्या रूझवेल्ट स्मारकातही त्यांच्याशेजारी फालाचा पुतळा आहे. कधी तिथे गेले, तर आधी त्यालाच भेटणार.