खाजणातल्या चिपीपासून ५० मीटर

सातबाऱ्यावर आमचं खाजण, म्हणजे खाडीलगतची बांध घातलेली खारी जमीन, अजून भातशेती म्हणूनच लागतं. तिथे शेवटचं भात कापलं तेव्हा मी सातवीत होते. खाडीच्या बाजूचा मातीचा बांध दरवर्षी डागडुजी मागायचा आणि घरातली कर्ती माणसं एकेक करून मुंबईला निघून गेली. पुढे एका पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला बांध फुटला, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, लाकडी झडप वाहून गेली, आणि खारं पाणी आत शिरलं ते कायमचंच. पाण्यामागून चिपी आली, तिच्यामागून तिवर, काठाला कांदळ, सगळी खाऱ्या चिखलात वाढणारी कांदळवनाची झाडं. आता त्या खाजणाच्या कडेला उभं राहिलं तर पलीकडची खाडी दिसत नाही, नुसती ऐकू येते.

याच जमिनीच्या वरच्या अंगाला, भरडाच्या कोरड्या जमिनीवर, निवृत्तीनंतर राहायला ११०० चौरस फुटांचं कौलारू घर बांधायचं असं आम्ही नवरा-बायकोने ठरवलं. गाव सिंधुदुर्गातलं. पहिला अर्ज केला २०१९ च्या मे महिन्यात आणि परवानगीचा कागद हातात पडला तो साडेतीन वर्षांनी. मधली बरीचशी पानं करोनाने खाल्ली. उरलेला वेळ मात्र एकाच प्रश्नात गेला: आमच्या जमिनीत खाडी कुठे संपते?

महसुलाचं काम त्या मानाने लवकर उरकलं. सातबाऱ्यावर माझ्यासकट सात नावं होती, सगळ्यांची संमतीपत्रं गोळा करायला एक गणपती आणि एक शिमगा लागला. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असल्याने जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ड खाली वेगळी एनए (बिगरशेती) परवानगी काढावी लागली नाही, रूपांतरण कर भरून सनद मिळाली. मोजणी झाली, क-प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली. ६२ गुंठ्यांची लांबट पट्टी. फुटक्या बांधापासून वरच्या रस्त्यापर्यंत १५७ मीटर, रुंदी साधारण ४०. त्यातलं खालचं जवळजवळ निम्मं खाजण.

नकाशा काढणाऱ्या पहिल्या माणसाने घर कुठे टाकलं होतं ते अजून डोळ्यांसमोर आहे. बांधापासून ८५ मीटरवर, भरड जिथे खाली उतरायला लागतो तिथेच. पडवी खाडीकडे तोंड करून. मला ती जागा फार आवडली होती, हे लपवत नाही. संध्याकाळी तिथे वारा यायचा आणि चिपीच्या शेंड्यांवरून बगळे परतताना दिसायचे.

किनाऱ्यालगत काय बांधता येतं आणि काय नाही, हे सीआरझेडच्या अधिसूचनेने ठरतं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांनी. आम्ही सुरुवात केली तेव्हा २०१९ ची नवी अधिसूचना निघाली होती, पण जिल्ह्याचा नवा किनारा आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ चेच नियम चालायचे होते. २०११ प्रमाणे खाडीच्या भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्या रेषेपासून, १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं अंतर, यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा नियमाखाली. २०१९ मध्ये त्या १०० चे ५० झाले. घरात सगळ्यांना आनंद झाला. आता थांबा, नवा आराखडा येऊ द्या, मग आपण मोकळे, असं जो तो सांगू लागला. नकाशावाल्यानेही तेच सांगितलं. भरतीरेषा बांधावर धरली जाते, तिथून ५० मीटर मोजा, तुमचं घर ८५ वर आहे, चिंता कसली!

बांधाबद्दल तो बरोबर होता. १९ फेब्रुवारी १९९१ ला सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली. त्याआधी बांधलेला बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते, असं २०१९ च्या अधिसूचनेत लिहिलेलं आहे. आमचा बांध पणजोबांच्या काळातला. पण त्या वाक्याला लागूनच पुढचं वाक्य आहे आणि ते वाचायचं त्याने सोडलं होतं. बांधाच्या आत खारं पाणी शिरून जिथे कांदळवन उगवलं असेल, ती जागा सीआरझेड-१अ मध्ये जाते. म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात. रेषा बांधावरच राहते, आणि तरीही झाडं जिथे आहेत तिथपर्यंत नियम चालत येतो.

त्याच्या जोडीला मुंबई उच्च न्यायालयाचा १७ सप्टेंबर २०१८ चा निकाल. राज्यातली सगळी कांदळवनं, जमीन सरकारी असो की खाजगी, राखायची आणि त्यांच्या चारही बाजूंना ५० मीटरचा पट्टा मोकळा सोडायचा. हे कळलं त्या रात्री आम्ही दोघांनी जेवणाच्या टेबलावर क-प्रत पसरली आणि फूटपट्टी घेतली. कांदळवनाची वरची कड बांधापासून साधारण ६० मीटरवर. त्यात ५० मिळवले की ११०. आमची पडवी भर पट्ट्यात होती.

यानंतरचे काही महिने घरात वाईट गेले. एका चुलतभावाचं म्हणणं होतं की ही झाडं आपण लावलेली नाहीत, आपल्या शेतात घुसलेली आहेत. जेसीबी आणू, झुडपं काढू, बांध बांधून घेऊ, मग मोजणीला कोण काय म्हणेल? त्याचा राग मला कळत होता. ज्या खाजणाच्या भातावर आमचं घर वर्षभर जेवलं, त्याच खाजणात पाय ठेवायला परवानगी लागावी, हे पचणं सोपं नाही. पण मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. एक तर तो गुन्हा होता. उपग्रहाची जुनी चित्रं कुणालाही बघता येतात, कुठल्या साली कुठे हिरवं होतं ते त्यात दिसतं. आणि दुसरं, गुन्हा नसता तरी माझ्याकडून ते झालं नसतं.

का, ते शेजारच्या काकांमुळे. ऐंशीच्या घरातले. त्यांचा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, अजून दर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीला त्या फुटक्या बांधाच्या तोंडाशी पडतो. मी कागदांची पिशवी घेऊन त्यांच्या अंगणात बसले होते तेव्हा म्हणाले, “गो बाय, पाणी खयसर येता ता माका इचार. कागदाक काय इचारतस?” आणि मग खरोखरच उठून दाखवत निघाले. भांगाचं पाणी इथवर, उधाणाचं इथवर, आणि श्रावणातल्या पुनवेला पाऊस असला तर या फणसाच्या मुळापर्यंत. वाटेत चिपीची वर आलेली टोकदार मुळं चुकवत चालायचं. ती मुळं चिखलात श्वास घेण्यासाठी वर येतात. कांदळाच्या शेंगा झाडावरच रुजलेल्या, हातभर लोंबणाऱ्या. काका एकेक दाखवत होते. या मुळांत मुडदुशीची पिल्लं, इथे कुर्ल्या, त्या वळणावर पहाटे हूद येते. हूद म्हणजे पाणमांजर. बांध फुटल्यावर पहिली काही वर्षं इथे नुसता चिखल होता, झाडं वाढली तसं मासळी आत यायला लागली, असं त्यांनी सांगितलं. माझ्या बालपणीचं भात गेलं हे मला ठाऊक होतं. त्या जागी काय आलं, ते मी तोवर बघितलं नव्हतं.

चिपीची एक जात, पांढरी चिपी, २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरली. आमच्या खाजणात बहुतेक तीच आहे. बातमी वाचून मी काकांना फोन केला होता. ते म्हणाले, बरां झाला.

नवा आराखडा लागू झाल्यावर आम्ही पुन्हा सुरुवात केली. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण बरेच जण इथेच फसतात. आराखड्याचा जो मोठा नकाशा संकेतस्थळावर दिसतो तो १:२५००० चा असतो. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. आमची अख्खी १५७ मीटरची पट्टी तिथे सहा मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त, आणि ५० मीटरचा मोकळा पट्टा म्हणजे दोन मिलिमीटर. पेन्सिलीची रेघ जरा जाड आली तर दहा-बारा मीटर इकडचे तिकडे होतात. असा नकाशा पडद्यावर मोठा करून ‘आपण बाहेर आहोत’ असं मानणं धोक्याचं. आम्ही १:४००० चा, गट नंबर दाखवणारा नकाशा काढून घेतला. त्यात एक मिलिमीटर म्हणजे चार मीटर. भरतीरेषा आपल्या मनाने आखायची नसते, चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेलीच धरावी लागते. तिच्यावर आपला गट बसवून देण्याचं काम केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या संस्था करतात. त्यांच्या यादीत चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था, अहमदाबादचं स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटर अशी नावं आहेत. खर्च आमच्या बेताबाहेर गेला. घराच्या फरशीचं बजेट त्यात संपलं, आता कोबा आहे.

सर्वेक्षणाला आलेल्या दोन मुलांनी दिवसभर उन्हात कांदळवनाच्या कडेकडेने बिंदू घेतले. एका जागी माझा आणि त्यांचा वाद झाला. मुख्य झाडीपासून सुटून चार तिवरं वर उगवली होती. ती धरायची की नाही? धरली तर आमची रेषा आणखी सहा मीटर वर सरकत होती. मी गप्प राहिले असते तर कदाचित ती सुटली असती. आदल्या वर्षी त्या जागी दोनच रोपं होती, हे मला आठवत होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी ती धरली. माझे यजमान त्या संध्याकाळी माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

तर नकाशावर तीन रेषा आल्या. बांधावरची भरतीरेषा, तिच्यापासून ५० मीटरची, आणि कांदळवनाच्या कडेपासून ५० मीटरची. तिसरी सगळ्यांत वर, बांधापासून ११६ मीटरवर. तिच्यापलीकडे रस्त्यापर्यंत आमच्याकडे ४१ मीटर राहिले, त्यातून रस्त्याकडे मोकळं सोडायचं सामासिक अंतर वजा. त्या तुकड्यात घर बसवायचं होतं. २०१९ च्या नियमांत ३०० चौरस मीटरपर्यंतच्या स्वतःच्या राहत्या घराला राज्याच्या किनारा प्राधिकरणाची शिफारस लागत नाही, स्थानिक यंत्रणाच नियम तपासून परवानगी देते. आमचं घर जेमतेम १०२ चौरस मीटर. पण ही सवलत फक्त शिफारशीपुरती आहे. सीआरझेड-१अ मध्ये किंवा मोकळ्या ठेवायच्या पट्ट्यात लहान घर चालतं, असा तिचा अर्थ लावू नका. आम्हाला एकच गोष्ट सिद्ध करायची होती: जोत्याचा शेवटचा दगडसुद्धा तिसऱ्या रेषेच्या वर आहे.

नव्या जागेवर जोत्याची आखणी करताना गड्याचं कुदळ दगडावर आपटलं. माती बाजूला केली तर घडीव चिऱ्यांची ओळ. आजोबांच्या आधीच्या घराचं जोतं, ज्याबद्दल मी फक्त ऐकलं होतं. काकांना बोलावलं. त्यांनी लहानपणी ते घर पाहिलेलं. म्हणाले, खाजणाकडे कोणी घर बांधत नसे, उधाणाला वाट ठेवायची. खाली गोठासुद्धा नव्हता, फक्त भाताची उडवी असायची, तीही कापणीनंतर.

ग्रामपंचायत, तहसील, नगररचना असा अर्ज फिरला. दोनदा शंका निघाल्या आणि दोन्ही रास्त होत्या. एकदा सांडपाण्याचा शोषखड्डा आम्ही नकळत पट्ट्याच्या आत दाखवला होता, तो घराच्या रस्त्याकडच्या बाजूला नेला. दुसऱ्यांदा कंपाउंडची भिंत खाजणापर्यंत ओढलेली होती. भिंत काढून टाकली. खालच्या बाजूला आता निगडीचं कुंपण आहे, तेही पट्ट्याच्या वर. ज्या तपासनिसांनी जागेवर येऊन टेप धरून मोजलं, त्यांचे मी मनापासून आभार मानले. कागदावर सही करून मोकळं होणं त्यांना सोपं होतं.

पडवीतून खाडी दिसत नाही. चिपीचे शेंडे दिसतात, आणि उधाणाच्या रात्री पाणी मुळांतून आत सरकतं त्याचा आवाज येतो. चुलतभाऊ गेल्या दिवाळीला आला होता. सकाळी उठून काकांबरोबर पाग टाकायला गेला, पिशवीभर पालू घेऊन आला. झाडांविषयी तो काही बोलला नाही, मीही विषय काढला नाही.

या वर्षी गोठा बांधायचा विचार होता. पावसानंतर खाली जाऊन पाहिलं तर त्या चार तिवरांच्या वर, घराच्या दिशेने, गुडघ्याएवढी तीन नवी रोपं आली आहेत. घराची परवानगी झालेली आहे, तिला धक्का नाही. गोठ्याचं मोजमाप मात्र या रोपांपासून करावं लागेल. मी त्यांच्याजवळ काठ्या रोवून सुतळी बांधून ठेवली आहे, म्हणजे गवत काढणाऱ्याच्या कोयत्यात ती जाणार नाहीत. गोठा विहिरीच्या पलीकडे घेऊ.