आधीची दोन्ही सिझरच ना?

पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चालू होती. डॉक्टरबाईंनी स्क्रीनवरची नजर न हलवता विचारलं, "आधीची दोन्ही सिझरच ना?" मी हो म्हटलं. त्यांनी पोटावर परत जेल लावलं आणि जुन्या टाक्यांच्या जागी बराच वेळ प्रोब फिरवत राहिल्या. ती शांतता अजून आठवते.

वार, म्हणजे प्लासेंटा, खाली होती, गर्भपिशवीच्या तोंडावर, आणि जुन्या व्रणात रुतलेली. एरवी बाळ झालं की वार आपोआप सुटते. पण व्रणावर आतलं अस्तर नीट राहत नाही, तिथं ती स्नायूत मुळं धरते. ओढून काढायला गेलं तर रक्त थांबत नाही. 2006 च्या एका अमेरिकन अभ्यासात 30 हजारांवर बायकांच्या नोंदी होत्या. वार खाली असेल, तर ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरच्या वेळी 3 टक्के, दुसऱ्याला 11, तिसऱ्याला 40. माझं तिसरं.

पस्तिसाव्या आठवड्यात ऑपरेशन झालं. ह्यांचे मित्र रात्रीच रक्त देऊन गेले होते. सहा पिशव्या लागल्या. वारेसकट गर्भपिशवी काढावी लागली. लेक दोन किलोची, नऊ दिवस काचेच्या पेटीत. आता पायरी चढते.

पहिलं सिझर गरजेचं होतं, बाळाचे ठोके उतरले होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. सल आहे तो दुसऱ्याचा. "एकदा सिझर म्हणजे पुढचंही सिझर," एवढंच सांगून तारीख दिली. एका सिझरनंतर, गर्भपिशवीवरचा छेद आडवा असेल आणि सोयी असलेलं हॉस्पिटल असेल, तर कित्येक जणींना नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. शंभरातल्या साठ-सत्तर जणींना जमतंही. पिशवीचा टाका उसवण्याचा धोका असतो, शंभरात एकीपेक्षाही कमी, पण असतो. हे तोलून बघायला मला कुणी बसवलंच नाही. तिसरं मूल हवंय का, हेही विचारलं नाही.

धाकट्या बहिणीला आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिलं सिझरच. काल तिला डिस्चार्ज कार्ड शोधायला लावलं, तर रात्री फोटो आला. "ताई, कारणाच्या रकान्यात काहीच नाही गं." छेद कसा घेतला तेही नाही. सोमवारी आम्ही दोघी त्या हॉस्पिटलात जाऊन जुने कागद मागणार आहोत.