दारातला स्पीकर

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो, आणि काचा लावून उन्हात उभ्या असलेल्या जीपमध्ये तर त्याहूनही वर. माणूस निंबाखाली सरकतो. दारात स्क्रूनं आवळलेला स्पीकर कुठं सरकणार? त्याच्या कोनाभोवतीची, म्हणजे आवाजासोबत थरथरणाऱ्या कागदी शंकूभोवतीची, फोमची कड हळूहळू भुसभुशीत होते, बोट लावलं की झडते. मग गाण्यात खरखर सुरू.

खरखर ऐकली की जो-तो निकाल देतो, "कॉइल जळली." पुष्कळदा कोनामागची ती तारेची गुंडाळी बिचारी शाबूत असते. आमच्या तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानाला लागून बसणारे एक रेडिओवाले काका आहेत. ते आधी भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढून स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवतात. 'ठप्' झालं, कोन जरासा हलला, की जीव आहे. मग मल्टिमीटर, म्हणजे तारेचा विद्युतरोध ओहममध्ये मोजायचं यंत्र. 4 ओहमच्या स्पीकरला साडेतीनच्या आसपास आकडा दिसला की कॉइलचा विषय संपला. आकडाच नाही आला तर एकतर कॉइल तुटली, नाहीतर कोनाकडे जाणारी ती लवचीक विणलेली तार. तार असली तर सोल्डरच्या एका थेंबाचं काम.

त्यानंतरचं काम कानाचं. दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी पसरून ते हळूच दाबतात आणि कान जवळ नेतात. घासल्यासारखं वाजलं, तर कॉइल मॅग्नेटच्या फटीला लागतेय. ही फट जेमतेम मिलिमीटरभर. शेजारच्या ग्राइंडरचा लोखंडी कीस उडून तिच्यात बसला तर फुंकून निघत नाही, मॅग्नेट सोडतच नाही त्याला. चिकटपट्टीची घडी घालून ती आत फिरवावी लागते. म्हणून उघडा स्पीकर काका पॉलिथिनच्या पिशवीत बांधून ठेवतात. नवी कड चिकटवताना मधली टोपी काढून जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या फटीत चहूबाजूंनी खोचायच्या, म्हणजे कॉइल मधोमध राहते. कोणाच्या तरी मोडक्या नळीच्या हाडाचा फोटो असा कामी येतो! कोनाचा कागदच फाटला असेल, तर पातळ कागद आणि पाणी घालून सैल केलेला फेविकॉल. ठिगळ जाड झालं की कोन जड होतो आणि आवाज दबतो.

पण स्पीकरचा खरा वैरी ऊन नाही, ड्रायव्हर आहे, असं माझं मत. मोठ्या ॲम्पनं, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरनं, स्पीकर उडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. लहान ॲम्प पिळूनही उडतो, हे मात्र कोणी मानत नाही. झेपेनासं झालं की ॲम्प आवाजाच्या लाटेचे शेंडेच छाटतो, आणि तसल्या फाटक्या आवाजानं कॉइल तापत जाते. काका हे प्रत्येकाला सांगतात. मागं एक पोरगा म्हणाला, "हळू लावलं तं सवारी बसत नाई ना, काका." डिझेलचं इंजिन, उघड्या खिडक्या, मागं बाजाराला निघालेल्या बायांच्या गप्पा. त्याचंही खोटं नव्हतं.

"आजची रात राहू दे, बाबू. वाळू दे."

"उद्या बाजार हाय, काका. द्या नं तसाच."

काका देत नाहीत. जीप एकाच दाराच्या गाण्यावर निघते. पुढच्या सीटसाठी भांडणं आधीपासून होतीच, आता कोणत्या बाजूला बसायचं यावरूनही होणार.